अक्काची कोठी

छापखान्यात नोकरीला लागलो त्या पहिल्या आठवड्यात मला एकच गोष्ट पक्की शिकवली गेली. नवं प्रूफ हातात आलं की जुनं फाडायचं. घडी घालून ठेवायचं नाही, पाठकोरा कागद म्हणून वापरायचं नाही, आधी उभं आणि मग आडवं फाडायचं. जुनं प्रूफ टेबलावर राहिलं की कुणीतरी त्यावरूनच पान लावतो आणि एकदा दुरुस्त केलेल्या चुका पुन्हा छापून येतात. आमच्या छापखान्यात म्हणे एका लग्नपत्रिकेचं असं झालं होतं आणि निम्मं वऱ्हाड दुसऱ्याच गावाला जाऊन बसलं होतं. खरं-खोटं मला माहीत नाही. पण फाडण्याची सवय माझ्या हाताला इतकी लागली की घरी आलेलं पत्रसुद्धा उत्तर लिहून झालं की मी उभं-आडवं फाडत असे.

अक्काला हे मुळीच सोसायचं नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं मूळ गाव गडहिंग्लजच्या पलीकडे, जिथं घराघरात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी चालतं. कोल्हापुरात येऊन आम्हाला कितीतरी वर्षं झाली, आई-वडील गेले, तरी तिनं मला तम्मा म्हणायचं सोडलं नाही. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. ती तंत्रनिकेतनात शिकवायची. उत्तरेश्वराच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या आणि स्वयंपाकघरावर लाकडी फळ्यांचा माळा होता. घरातली कुठलीही वस्तू निकामी झाली की ती माळ्यावर जायची. शाईच्या रिकाम्या बाटल्या, एका कानाचा चष्मा, बंद पडलेलं घड्याळ, वडिलांच्या दुकानातला लोखंडी तराजू. मी फाडलेली पत्रंसुद्धा तिनं केरातून उचलून माळ्यावर नेल्याचा मला संशय होता.

"तम्मा, तुझ्या हातात राज्य दिलं तर तू गावचा इतिहास बंबात घालशील," ती म्हणायची.

"आणि तुझ्या हातात दिलं तर गावात चालायला वाट राहणार नाही," मी म्हणायचो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आमच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि शिशाचे खिळे वितळवायला द्यायचं ठरलं. खिळा म्हणजे एका अक्षराचा शिशाचा तुकडा. असे हजारो खिळे लाकडी खणांत वर्षानुवर्षं पडलेले. त्यातला एक जुना टाईप मला फार आवडायचा. त्याचा 'ळ' पोटाशी जरा भरलेला होता, 'श' मान किंचित वळवून उभा राही. वितळवायला जाण्याआधी मी प्रत्येक खिळ्याला शाई लावून गुळगुळीत कागदावर एकेक ठसा घेतला. का घेतला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. सगळे ठसे घरी आणून अक्कासमोर ठेवले, तेवढंच.

तिनं ते कागद बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "हे माळ्यावर जाणार नाही. ह्याचं काहीतरी करू."

पुढची दोन-तीन वर्षं आमच्या रविवारच्या दुपारी त्यातच गेल्या. जेवण झालं की ती घरच्या कॉम्प्युटरवर एक ठसा उघडायची आणि त्याच्या कडेकडेनं रेघ फिरवत न्यायची. अक्षर पडद्यावर इतकं मोठं व्हायचं की ते अक्षर राहायचंच नाही. 'ळ'च्या पोटात नाव सोडता आली असती. मी शेजारी बसून सांगायचो, इथं जरा आत, इथं शाई पसरली आहे, ते खरं वळण नाही. बाहेर गल्लीत दुपारची सामसूम असायची, कुणाच्या तरी घरी दाण्याचं कूट होत असायचं, आणि आम्ही दोघं एका अक्षराच्या काठानं चालत असायचो. त्या दुपारींचा क्रम मला आता लावता येत नाही. त्या सगळ्या मिळून एकच लांब दुपार होती असं वाटतं.

टाईप तयार झाला तेव्हा प्रश्न आला की तो द्यायचा कुणाला आणि कसा. तेव्हा कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं जुने कॉम्प्युटर काढून आसपासच्या शाळांना दिले होते. ते इतके मंद होते की त्यांच्यावर अक्कानं लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी प्रणाली घातली होती. शनिवारी-रविवारी ती एसटीनं जाऊन ते बसवून यायची, गारगोटीला, गगनबावड्याला, आणखी कुठं कुठं. त्या शाळांतल्या मास्तरांना मराठी प्रश्नपत्रिका काढायला अक्षरं हवी होती.

"प्रत्येक वेळी मी थोडीच जाणार आहे?" ती म्हणाली. "एक कोठी करू."

ती कोठी म्हणजे काय, हे मला समजायला महिना लागला. दूर कुठल्यातरी देशात एक यंत्र दिवसरात्र चालू होतं. फुकट वाटायचे प्रोग्राम करणाऱ्यांना त्या यंत्रावर फुकट जागा मिळायची. तिथं आपला टाईप एका गाठोड्यात बांधून ठेवायचा, गाठोड्यावर आवृत्तीचा आकडा घालायचा, आणि कोठीच्या दाराशी एक यादी टांगायची. शाळेतलं यंत्र फोनवरून त्या दारापर्यंत जातं, यादी वाचतं, माझ्याकडे चार आहे आणि इथं पाच आलेलं आहे असं त्याला दिसतं, आणि ते पाच नंबरचं गाठोडं उचलून घरी आणतं. मी आयुष्यभर ग्रंथालयात जाणारा माणूस. हे ऐकून मला बरं वाटलं. एवढं दूरचं असूनही ते ओळखीचं होतं.

कोठी सांभाळायला चित्रं नव्हती, बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि उत्तराची वाट बघायची. मूळच्या आज्ञा इंग्रजी आणि लांबलचक होत्या, मी त्यांना बिचकायचो. म्हणून अक्कानं त्यांच्यावर एक आपली आज्ञा बेतली आणि ती त्या दूरच्या यंत्रावर ठेवली. रोमन अक्षरांत टाईप करावी लागे, पण शब्द आपले. 'कोठी यादी' म्हटलं की आत काय काय आहे ते दिसे. 'कोठी घाल' म्हटलं की नवं गाठोडं आत जाई. आणि 'कोठी काढ' म्हटलं की ती विचारी, 'नक्की?'

मी 'हो' लिहिलं. ती पुन्हा म्हणाली, 'नक्की?'

"अगं, हो म्हणतोय की मी."

"तिला हो कळत नाही," अक्का मागून म्हणाली. "व्हय म्हण."

मी 'व्हय' लिहिलं आणि कोठी म्हणाली, 'काढलं.' अक्का पदराआड हसत होती. तेव्हापासून मीच कोठीचा काढणारा झालो. नवी आवृत्ती आत गेली की मागची काढायची. जुनं राहिलं की कुणीतरी त्यावरूनच पान लावणार. अक्का म्हणायची, राहू दे रे, काय जागा अडते आहे का? मी म्हणायचो, हा छापखान्याचा नियम आहे. एक ते सहा आवृत्त्या मी अशा काढल्या.

प्रत्येक गाठोड्यात एक टिपण जायचं. या वेळी काय बदललं, कुणी, कधी. हा त्या कामातला सगळीकडचाच रिवाज होता आणि तो छापखान्याच्या बरोबर उलट होता. नवी नोंद वर लिहायची, जुन्या नोंदी खाली तशाच राहू द्यायच्या, एकही पुसायची नाही. बाकीचे लोक तिथं दोन कोरड्या ओळी लिहीत असतील. अक्का मराठीत लिहायची, आणि तिच्या मनाला येईल ते. 'आवृत्ती तीन. श ची मान सरळ केली. तम्मा रागावला. पुन्हा वाकडी केली.' किंवा, 'आवृत्ती पाच. गारगोटीच्या सरांचे तीन फोन. तिन्ही वेळा त्यांचंच बरोबर.' खाली तारीख आणि वेळ. शाळेतलं कुणी ते वाचत असेल असं मला वाटत नाही. मी वाचायचो.

मग तिचं दुखणं निघालं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एका हिवाळ्यात सुरू झालं आणि पुढच्या आषाढात संपलं. मधल्या महिन्यांत बरं वाटेल त्या दिवशी ती तंत्रनिकेतनात जायची आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर बसून तिनं आठवी आणि नववी आवृत्ती बांधली, कोठीत घातली. मी घरी दवाखान्याच्या फायली लावत होतो, कोठीकडे माझं लक्ष नव्हतं.

शेवटच्या दिवसांत एकदा दवाखान्यात ती म्हणाली, "तम्मा, आठ-नऊचं टिपण वाचलंस?"

"आता ते कॉम्प्युटरचं नको गं."

"बरं. लिहून ठेवलंय. सवडीनं वाच."

एवढंच. मग तिनं मोसंब्याची फोड मागितली आणि मी ती सोलू लागलो.

आमच्यात जाळत नाहीत, मातीत बसवतात. भस्म, बेलाची पानं, मीठ, आणि मग माती. त्या दिवशी पाऊस थांबला होता आणि मातीला ओला, गोडसर वास होता. घरी आल्यावर सगळे गेले आणि मी एकटा स्वयंपाकघरात उभा राहून माळ्याकडे बघत होतो.

ते टिपण मी वाचलं नाही. विसरलो म्हणून नव्हे. ते कोठीत आहे हे मला माहीत होतं, आणि जोवर वाचत नाही तोवर अक्काचं काहीतरी बोलायचं राहिलं आहे असं वाटायचं. सकाळी चहा करताना मनात यायचं, तिला अजून एक गोष्ट सांगायची आहे. ते वाटणं मला खर्चून टाकायचं नव्हतं.

महिनाभरानं काही केल्याशिवाय राहवेना म्हणून मी टाईप उघडला. 'ण'च्या दांड्याखाली एक बारीक खाच मला बरेच दिवस खुपत होती. घरच्या कॉम्प्युटरवर जे होतं त्यावरूनच ती भरून काढली. अक्काच्या वहीत सगळ्या पायऱ्या लिहिलेल्या होत्या. त्या एकेक बघत मी आयुष्यातलं पहिलं गाठोडं बांधलं. टिपणात सगळ्यात वर माझी नोंद लिहिली, खालच्या नोंदींकडे मुद्दाम पाहिलं नाही. कोठीत नऊपर्यंत आकडे दिसत होते, म्हणून दहा घातला. 'कोठी घाल.' ती म्हणाली, 'घातलं.' मला छातीत जरा मोकळं वाटलं. दुपारचे तीन वाजले असतील. दारावर ऊन होतं. आणि मग हात आपसूक पुढं गेला. 'कोठी काढ' सात. नक्की? व्हय. 'कोठी काढ' आठ. नक्की? व्हय. नऊ. व्हय. तिन्ही वेळा ती काहीतरी एका शब्दात उत्तरली. ते मी वाचलंही नाही. मुद्रितशोधकाची नोकरी करणाऱ्या माणसानं हे लिहावं याची मला लाज वाटते.

आठवड्यानं गारगोटीच्या सरांचा फोन आला. हे सर त्या शाळेचा कॉम्प्युटर बघायचे, अक्काला ताई म्हणायचे.

"ताईंचे भाऊ का? अवो पावणं, हे काय केलंसा?"

"काय झालं?"

"सहामाहीच्या पेपरांची वाट लागली की! छापलं की वरच्या वेलांट्या कापून जात्यात. ही अडचण ताईंनी काढलेली व्हती. नऊमधी. आता तुमचं दहा घेतलं आणि परत आली."

"मी बघतो," मी म्हणालो. "तिनं कशी काढली ते टिपणात असेल."

फोन ठेवला आणि मी टिपण उघडलं. सवड आली असं मनाशी म्हणालो. वर माझी नोंद होती, आवृत्ती दहा, 'ण'ची खाच. तिच्याखाली आवृत्ती सात होती.

मी तीन वेळा वर-खाली पाहिलं. दहा, मग सात. मग हळूहळू लक्षात आलं. आठ आणि नऊ तिनं तंत्रनिकेतनात बांधल्या. घरच्या कॉम्प्युटरवर सातपर्यंतचंच होतं. मी सातवरून दहा बांधली, आणि आठ-नऊ माझ्या हातानं काढून टाकल्या. मी जुन्या प्रूफावरून पान लावलं होतं आणि नवं प्रूफ उभं-आडवं फाडलं होतं.

तंत्रनिकेतनात गेलो. तिच्या टेबलावर नवीन बाई आल्या होत्या, भल्या होत्या. कॉम्प्युटर पुसून त्यांना नव्यानं करून दिलेला होता. त्यांनी मला पाणी दिलं आणि अक्काचा एक पेन खणात सापडला होता तो दिला. दूरच्या यंत्राच्या लोकांना मी पत्र लिहिलं. सभ्य उत्तर आलं, की तुमच्या जागेची वेगळी प्रत आम्ही ठेवत नाही, ती ज्यानं त्यानं ठेवायची. मग मी पुन्हा गारगोटीला फोन केला आणि सरांना सगळं खरं सांगितलं. टाईपचं नव्हे, टिपणाचं.

"माझ्याकडं नऊ न्हाय आता," ते हळू आवाजात म्हणाले. "आनलेली गाठोडी यंत्र आपल्या पोटात एका फडताळात ठेवतंय. पन मी दर म्हयन्याला साफ करतो. मला घाण खपत न्हाय." मग एकदम म्हणाले, "अवो, गगनबावड्याला बघा की! तिथलं ताईंनी सोता बसवलंय. उन्हाळ्यात तब्येत जरा बरी व्हती तवा जाऊन आलेल्या, मला म्हणल्या व्हत्या. तिथं कोण साफ करतंय? तिथं झाडू फिरला तरी नशीब."

भाद्रपद संपत आला होता. सकाळच्या एसटीनं निघालो. कळे सोडलं, साळवण सोडलं, आणि मग खिडकीबाहेरचं जग हळूहळू पुसलं जाऊ लागलं. आधी डोंगर गेले, मग झाडं, मग रस्त्याची कड. गगनबावड्याला उतरलो तेव्हा समोर नुसतं पांढरं होतं आणि त्यातून कुणाच्या तरी कोंबड्याचा आवाज येत होता. अक्का इथं अशीच उतरली असेल, हातात ती कापडी पिशवी. त्या धुक्यात ती चार पावलं पुढं चालते आहे असं मानायला काही अडचण नव्हती. मी तसंच मानत शाळेपर्यंत गेलो.

शाळेत त्या दिवशी मुलं लवकर सुटली होती. व्हरांड्यात एक म्हातारे शिपाई घोंगडी पांघरून बसले होते.

"कोण पावणं?"

"कॉम्प्युटर बसवायला बाई यायच्या ना, त्यांचा भाऊ."

"बाईंचा? मग भिजत काय हुबं ऱ्हायलाय, आत या की! बाई न्हाईत आल्या?"

माझ्या तोंडातून "नाही" एवढंच निघालं. त्यांनी किल्ल्या काढल्या आणि पुढं चालू लागले.

कॉम्प्युटरच्या खोलीत पाच यंत्रं होती, पाचांवर फुलाफुलांच्या कापडाच्या झुली. चार ओलीनं गेली होती. पाचवं एका उघड्या लाकडी कपाटात बसवलं होतं आणि त्याच्या शेजारी एक पिवळा बल्ब जळत होता.

"बाईंनी सांगितलंया," शिपाईमामा म्हणाले. "मामा, हितं वल लई. साठचा बल्ब लावून ठेवा, इझवू नका. हेडमास्तर म्हणत्यात, वीज जाळतोय. मी म्हणलं, बाईंना इचारा. बाई आल्या की इझवतो."

मी तिथल्या बाकावर बसलो. मग मी त्यांना सांगितलं. आषाढात, असं सांगितलं. त्यांनी घोंगडी डोक्यावरून खाली घेतली आणि बल्बकडे बघत उभे राहिले.

"व्हय?" ते म्हणाले. मग म्हणाले, "तरी म्हणलं, श्रावण गेला, बाई कशा न्हाईत आल्या."

यंत्र सुरू व्हायला फार वेळ लागला. आत काहीतरी कुरकुरत होतं, थांबत होतं, पुन्हा कुरकुरत होतं. शेवटी काळा पडदा आला. गारगोटीच्या सरांनी सांगितलेला रस्ता मी कागदावर लिहून आणला होता, तो एकेक अक्षर बघून टाईप केला आणि त्या फडताळात काय आहे ते विचारलं. ओळी खाली सरकत गेल्या. तीन. पाच. सहा. आठ. नऊ. जे जे ते कधी उचलून घरी घेऊन आलं होतं ते सगळं तिथं होतं. कुणीही काही साफ केलेलं नव्हतं. दहा नव्हतं, कारण उन्हाळ्यानंतर फोनची वायर कुणी जोडलीच नव्हती.

आधी मी आठ आणि नऊ फ्लॉपीवर घेतल्या, दोन वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर, प्रत्येकी दोनदा. मग टिपण उघडलं.

"काय लिवलंय?" मामांनी विचारलं. "मोठ्यानं वाचा की. मला चष्मा न्हाय."

मी मोठ्यानं वाचलं. 'आवृत्ती आठ. ळ आणि खालची ओळ एकमेकांना लागत होती. गगनबावड्याच्या मामांनी दाखवून दिलं. अक्षरांचे पाय आपटत होते म्हणाले. जागा वाढवली.'

"माजं नाव हाय त्यात?"

"नाव नाही. मामा म्हटलंय."

"मग मीच की! दुसरं कोण मामा हाय हितं?" ते बाकाच्या कडेला टेकले. "म्होरं वाचा."

'आवृत्ती नऊ. वेलांट्या कापत होत्या, गारगोटीच्या सरांचा फोन. वरची उंची वाढवली. यापुढं कोठी तम्मा बघेल. त्याला नवं आलं की जुनं फाडायची सवय आहे. ती जाणार नाही आणि मी सांगून काही उपयोग नाही. म्हणून कोठीला एक माळा केला. आता काढ म्हटलं तरी ती काही टाकत नाही, वर ठेवते. एक ते सहा माझ्याकडे होत्या, त्याही तिथं नेल्या. तम्मा, बघायचं असेल तर कोठी माळा असं म्हण. आणि मोसंबी सोलून ठेवू नकोस, कडू होतात.'

खाली तारीख आणि वेळ. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं.

मामा माझ्याकडे बघत होते. मी हसत होतो की काय ते मला सांगता येत नाही.

"काय झालं, पावणं?"

"काही नाही, मामा. मी ज्यासाठी इतक्या लांब आलो ते आमच्या कोठीतच होतं. पण ते कोठीत आहे हे इथं लिहिलं होतं."

"मग यायलाच पायजे व्हतं की," मामा म्हणाले, जसं काही त्यात आश्चर्य वाटण्यासारखं नव्हतंच. मग उठले. "चा टाकतो. बल्बाचं काय करू?"

"राहू द्या," मी म्हणालो.

परत येताना फ्लॉप्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवल्या होत्या. साळवणच्या खाली ऊन होतं, भात पोटरीला आलं होतं. मला वाटेत झोप लागली आणि झोपेत आमच्या स्वयंपाकघरावरचा माळा दिसला. त्याच्या फळ्या पार धुक्यापर्यंत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवून कॉम्प्युटरसमोर बसलो. मोडेम खरखरला आणि दूरच्या यंत्राशी जोड लागली. मी लिहिलं, 'कोठी माळा'. क्षणभर काहीच झालं नाही. मग एकाखाली एक ओळी आल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ. मी फाडलेलं सगळं तिनं उचलून वर ठेवलं होतं.

मग नऊवरून काम सुरू केलं. 'ण'ची खाच पुन्हा भरली. टिपणात अक्काच्या नोंदीच्या वर माझी दहावी नोंद परत ठेवली, कारण पुसायचं नाही हा रिवाज, आणि तिच्यावर लिहिलं, 'आवृत्ती अकरा. दहा चुकून सातवरून बांधली होती. वेलांट्या पुन्हा नीट. गारगोटीच्या सरांचा एक फोन. त्यांचंच बरोबर.' खाली तारीख आणि वेळ. गाठोडं बांधलं. 'कोठी घाल.' ती म्हणाली, 'घातलं.'

दहा अजून यादीत होती. चुकीची होती, कुणीतरी तिच्यावरून पान लावलं असतं. मी लिहिलं, 'कोठी काढ' दहा.

'नक्की?'

'व्हय.'

या वेळी मी उत्तर वाचलं. एकच शब्द होता, पूर्वी असायचा तो नव्हता. 'ठेवलं.'